हातवाला आणि पायवाला

ती घटना आठवायला मला जुनी डायरी काढावी लागत नाही. नोकरीतले कितीतरी खून आणि दरोडे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत, पण सोलापुरातल्या त्या पत्र्याच्या कारखान्याचा आठवडा मला वारानुसार पाठ आहे. त्यात कोणी मेले नाही की कोणाचे घर फुटले नाही. तरी त्या आठवड्याइतकी धास्ती मी पुन्हा कधी घेतली नाही, कारण निस्तरायची चूक माझी स्वतःची होती.

बहात्तरच्या दुष्काळाला दोन-तीन वर्षे झाली असतील. मी फौजदार म्हणून सोलापुरात नवीन होतो. दसरा मंगळवारी झाला आणि गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास सिव्हिल हॉस्पिटलमधून ठाण्यात खबर आली. अक्कलकोट रस्त्याकडच्या एका कारखान्यातल्या कामगाराची उजव्या हाताची चार बोटे प्रेसखाली गेली होती. ठाणे अंमलदाराने स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि मी हवालदाराला घेऊन निघालो.

तो कारखाना जर्मलची ताटे बनवायचा. अ‍ॅल्युमिनियमला आमच्याकडे जर्मल म्हणतात. एका मोठ्या प्रेसवर पत्र्यातून ताटाच्या मापाची गोल चकती कापली जाई. पत्रा लांब, म्हणून त्या प्रेसवर दोन माणसे लागत. एक जण हाताने पत्रा पुढे सरकवायचा, कापलेली चकती बोटांनी उचलून बाजूला टाकायचा आणि हात बाहेर आला की ‘हं’ म्हणायचा. ‘हं’ ऐकले की दुसरा पायाखालचे पेडल दाबायचा. मग वरचा अवजड ठोकळा खाली यायचा, चकती कापायचा आणि वर जाऊन थांबायचा. दिवसभर हेच. मी कोणाचे नाव लिहिणार नाही, तेव्हा या दोघांना हातवाला आणि पायवाला म्हणतो. बोटे गेली ती हातवाल्याची.

पंचनाम्याला गेलो तेव्हा प्रेसच्या गळ्यात खंडेनवमीची झेंडूची माळ तशीच होती. यंत्रावर कुंकवाची बोटे ओढलेली होती आणि खाली रक्त सांडले होते. पंचांपैकी एकाने घाबरत विचारले, “साहेब, ह्यातलं कुंकू कुठलं आन रगत कुठलं?” मी त्याच्यावर खेकसलो आणि मग स्वतः वाकून बघू लागलो.

हॉस्पिटलमध्ये हातवाला शुद्धीवर होता. सांगोल्याकडचा शेतकरी गडी, दुष्काळात विहीर आटली तेव्हा सोलापुरात आला आणि इथलाच झाला. जबाब देताना तो छताकडे बघत होता. “मी हं म्हटलंच न्हाय साहेब. हात अजून आतच हुता. आन प्रेस आली की.” त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होते आणि ते पुसायला तो पट्ट्या बांधलेला हात उचलायचा, मग थांबायचा.

त्याच दुपारी टीप मिळाली. कारखान्याच्या गेटासमोरचा पानवाला आमच्या हवालदाराच्या बसण्याउठण्यातला. त्याने सांगितले की दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात त्या दोघांचे कडाक्याचे भांडण झाले होते आणि पायवाला जाता जाता म्हणाला होता, “एक दिवस तुला पण कळेल.” पुढे दसऱ्याला गेटावर सगळ्या कामगारांनी एकमेकांना सोने दिले. पायवाल्याने आपट्याचे पान पुढे केले, पण हातवाल्याने ते घेतले नाही. पान मातीत पडले आणि चारचौघे बघत राहिले.

मला आणखी काय हवे होते? दसऱ्याचे सोने सोलापुरात वैरीसुद्धा परत करत नाही. चारचौघांत अपमान झालेला माणूस, पायाखाली पेडल आणि समोर वैऱ्याचा हात. मी पायवाल्याला त्याच संध्याकाळी अटक केली. घातक साधनाने जबर दुखापत, कलम ३२६. कारखान्याच्या मालकाने तर सुटकेचा निःश्वास टाकला. “यंत्र अगदी ठणठणीत आहे साहेब,” तो दोनदा म्हणाला. तेव्हा मला त्यात काही खटकले नाही, याची लाज अजून वाटते.

शुक्रवारी कोर्टाने सोमवारपर्यंत पोलीस कोठडी दिली आणि दुपारी मी त्याला समोर बसवले. पंचविशीतला, विणकरांच्या तेलुगू घरातला, अंगाने बारीक. मी त्याला बोटही लावले नाही. त्याची गरजच पडली नाही, कारण मी फक्त विचारत राहिलो. हं ऐकलास का? पाय कुठे होता? पेडलवर होता की बाजूला? मग दाबला कोणी? पेडलला दुसरा पाय होता का? तेच प्रश्न पुढून, मागून, मधून. हवालदार थकून बाहेर गेला तरी मी थांबलो नाही. त्याचा उजवा पाय टेबलाखाली सारखा थरथरत होता आणि तो डाव्या पायाने उजवा दाबून धरत होता. शेवटी तो खालच्या मानेने म्हणाला, “मीच दाबलो साहेब. मीच दाबलो असेन.”

“असेन काय? दाबलास की नाही?”

“दाबलो.”

मी चहा मागवला. गुन्हा दुसऱ्याच दिवशी उघडकीला आला होता. पण पोलिसापुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, म्हणून मी विचारले की हेच मॅजिस्ट्रेटसाहेबांपुढे सांगशील का. तो हो म्हणाला. सोमवारी कलम १६४ खाली त्याचा जबाब नोंदवून घ्यावा, असा अर्ज मी लगेच लिहायला घेतला. एकदा तो मॅजिस्ट्रेटपुढे बोलला की मग त्याला ब्रह्मदेवही सोडवू शकणार नव्हता. अर्ज लिहिता लिहिता मी सहज विचारले, “त्याचा हात आत आहे हे बघून दाबलास ना?” त्याने माझ्याकडे असे पाहिले की जणू हा प्रश्न त्याने पहिल्यांदाच ऐकला. मग म्हणाला, “बघितलो नाही साहेब. मी त्याच्या तोंडाकडं बघत होतो. तो बोलतो का म्हणून.”

भांडण झाल्यावर रुसलेल्या माणसाच्या तोंडाकडे बघणारा माणूस त्याची बोटे तोडेल? माझ्या मनात पहिली शंका आली ती तेव्हा. अर्ज मात्र मी पूर्ण केला आणि फायलीत ठेवला.

शनिवारी सकाळी ठाण्याच्या पायरीवर त्याची आई बसलेली दिसली. शेजारी पायवाल्याची बायको होती, पोट पुढे आलेली, पदराने तोंड झाकून. हवालदार म्हणाला, दोघी कालपासून येऊन बसतात, घरी जा म्हटले तरी हलत नाहीत. मी म्हातारीला आत बोलावले.

“साहेब, भांडण माझ्यामुळं झालं,” ती म्हणाली. “ते दोघं पाळीनं काम करत होते की. एक तास ह्यानं हात घालायचं, एक तास त्यानं. सुनेला सातवा लागला तसं मीच पोराला शपथ घातले, पात्याखाली हात घालू नको म्हणून. बाई पोटुशी असताना आमच्यात बाप्यानं कापाकापी करायचं नसतं. तेव्हापासून ह्यानं पायावरच थांबला. सगळी पाळी त्या बिचाऱ्यावर आली. तो चिडणारच की. माझा हात काय रस्त्यावर पडलाय का म्हणाला. त्यावर ह्यानं म्हणाला, घरच्यांची शपथ काय असते ते एक दिवस तुला पण कळेल.”

“आणि गुरुवारी अकराला पाळी कोणाची होती?”

“ह्याची होती साहेब,” ती म्हणाली आणि पायरीवरच्या सुनेला ऐकू जाऊ नये म्हणून तोंडावर हात दाबून रडली.

पायवाला ‘मीच’ का म्हणत होता ते माझ्या लक्षात यायला लागले. पण मन सांगते ते कोर्टाला चालत नाही. पाय त्याने दाबला नसेल तर प्रेस खाली आली कशी? आणि दाबला असेल तर? दीड दिवस हातात होता, फायलीत माझ्याच अक्षरातला अर्ज होता, आणि मला त्या यंत्रातले ओ की ठो कळत नव्हते. हवालदाराला मी म्हटले, “प्रेस जाणणारा माणूस हवा. मालकाचा मिंधा नसलेला.” त्याने क्षणभर विचार करून आपल्या पट्ट्याच्या बकलावर बोट ठेवले. “हे ज्यानं ठोकून दिलं तो चालंल का साहेब?”

विजापूर वेशीजवळच्या एका बोळात तो म्हातारा मिस्त्री बसायचा. टांगेवाल्यांचे नंबराचे पितळी बिल्ले, बकले, कुलपांच्या पट्ट्या असले काम तो हातप्रेसवर करी. वर आडवा दांडा, दांड्याच्या टोकांना दोन लोखंडी गोळे, मधे जाड आट्यांचा खांब. दांडा हाताने गरकन फिरवला की खांब खाली उतरायचा आणि पितळेवर आकडा उमटायचा. मी सगळे सांगितले तरी त्याचे काम चालूच होते.

“साब, मेरे दादा घनानं ठोकायचे,” तो म्हणाला. “खाली ठसा, वर ठसा, मधे पितळ. मग बापाच्या वेळेला ही गोळ्यांची प्रेस आली. मग मिलवाल्यांनी एका दांड्यावर पट्टे टाकून दहा-दहा प्रेस फिरवल्या. आता प्रत्येकीला सोताची मोटर. ताकद वाढत गेली, पण एक गोष्ट गेली. ही माझी प्रेस मी थांबलो की थांबते. तुमची ती थांबवावी लागते.”

“म्हणजे?”

त्याने जमिनीवर खडूने एक चाक काढले. मोटर हे जड चाक सारखे फिरवत असते. पेडल दाबले की एक चावी चाकात अडकते आणि चाक ठोकळ्याला एक फेरा मारून आणते, खाली आणि परत वर. वर आला की चावी सुटते. पण वेगात आलेला ठोकळा वर गेल्यावर आपला आपण थांबत नाही. त्याला धरून ठेवायला ब्रेक असतो, चामड्याचे अस्तर लावलेला लोखंडी पट्टा. “तो ब्रेक घसरला तर ठोकळा वर टिकत नाही साब. पुढे सरकतो, चावी परत अडकते आणि दुसरा घाव. पेडलवर कुणाचा पाय नसताना.”

मी म्हटले, मालक तर यंत्र ठणठणीत आहे म्हणतो. मिस्त्रीने हात पुसले. “मालकाला नक्को विचारू. भंगाराला विचारू. प्रेस जितके घाव घालते तितके पत्र्यावर राहतात.”

रविवारी सकाळी दोन पंच घेऊन आम्ही कारखान्यात गेलो. सुट्टी होती, मालकाला घरून बोलावले होते आणि तो चिडलेला होता. कोपऱ्यात चकत्या काढून उरलेल्या पत्र्यांचा, भोकाभोकांचा, छातीइतका ढीग होता. मिस्त्री एकेक पत्रा उचलून उजेडात धरू लागला. चौथ्याच पत्र्यावर तो थांबला. शेवटच्या गोल भोकाला चिकटून एक अर्धवट काप होता, चवथीच्या चंद्रासारखा. पत्रा पूर्ण सरकायच्या आत दुसरा घाव पडला होता. पुढे आणखी एक निघाला, मग आणखी एक. बरेचसे पत्रे कोणीतरी मुद्दाम आत सारलेले होते.

“हे त्या पोरानंच केलेलं,” मालक म्हणाला. “पाय जड आहे त्याचा. पहिल्यापासूनच.”

त्याला खोटे ठरवायला माझ्याकडे काही नव्हते. घाव दोनदा पडला एवढेच पत्रे सांगत होते, पाय कोणाचा ते सांगत नव्हते. ढीग निम्मा उपसून झाला होता आणि माझी आशा संपत आली होती, तेवढ्यात हवालदार म्हणाला, “साहेब, हे बघा की.”

पत्र्यांच्या मधोमध झेंडूच्या सुकलेल्या पाकळ्यांचा आणि कुंकवाचा थर होता. खंडेनवमीला पूजा करताना कामगारांनी भंगाराच्या ढिगावरही फुले उधळली होती. म्हणजे फुलांच्या वरचे पत्रे पूजेनंतरचे आणि खालचे आधीचे. मी पंचांसमोर दोन वेगळे ढीग करायला लावले. वरच्यात अर्धे काप असलेले अकरा पत्रे निघाले. खालचा ढीग आम्ही दुपारपर्यंत तपासला. त्यात एकही नव्हता. पायवाला तर कितीतरी आधीपासून पायावरच होता. पूजेच्या एका दिवसात पाय जड होत नाही.

मिस्त्री मग प्रेसमागे गेला, ब्रेकच्या चामड्यावर बोट फिरवले आणि नाकाशी नेले. मला म्हणाला, “वास घ्या.” करडईच्या तेलाचा वास आमच्या भागात लहान पोरही ओळखते. चामडे तेल पिऊन मऊ झाले होते.

प्रात्यक्षिक पंचनाम्यात घ्यायचे ठरले. मिस्त्रीने हात घालायच्या जागी लिंबाची हिरवी फांदी ठेवली आणि लांब काठीने पेडल दाबून काठी लगेच दूर टाकली. ठोकळा आला, गेला, वर थांबला. पुन्हा तेच. दहा वेळा, वीस वेळा, प्रत्येक वेळी नवी फांदी. ठोकळा शहाण्यासारखा थांबत होता. मालक हसू दाबत होता आणि मी मनात देव आठवत होतो. सव्विसाव्या खेपेला काठी बाजूला पडली, ठोकळा वर गेला, वाटले थांबला, म्हणून मिस्त्रीने लांबूनच पुढची फांदी आत सारली. मग तो कुरकुरल्यासारखा जरा पुढे सरकला आणि धाडकन पुन्हा खाली आला. ठेवलेल्या नव्या फांदीचे दोन तुकडे झाले. काठी तेव्हा पेडलपासून लांब जमिनीवर पडलेली होती. मालक खाली बसला.

आता सगळे उलगडले. पूजेनंतर प्रेस अधूनमधून दुबार घाव घालू लागली होती. पायवाल्याला वाटे, आपला पाय वेळेवर उचलला गेला नाही. हातवाल्याला वाटे, हा डूख धरून मुद्दाम करतोय. अबोला असल्यामुळे एकानेही दुसऱ्याला विचारले नाही, आणि बोलणी बसू नयेत म्हणून खराब पत्रे दोघेही गुपचूप ढिगात सारत राहिले. यंत्रावर संशय घ्यायचे दोघांच्याही मनात आले नाही, कारण यंत्राची नुकतीच पूजा झाली होती.

राहिला एकच प्रश्न. तेल कोणी लावले? मालक शपथेवर सांगत होता की त्याने नाही. संध्याकाळी मी हॉस्पिटलमध्ये गेलो. हातवाल्याला ताप होता पण तो ओळखीचे हसला. मी स्टूल ओढून बसलो आणि पत्रे, फुले, फांदी सगळे सांगितले. तो लक्षपूर्वक ऐकत होता. ब्रेकच्या चामड्याला कोणीतरी तेल चोळले होते, असे मी म्हणालो मात्र, त्याचा चेहरा उतरला.

“मीच चोळलं की साहेब,” तो म्हणाला.

मी स्टूल आणखी जवळ सरकवले.

“खंडेनवमीला म्या सगळी प्रेस पुसली. चामडं लई वाळलं हुतं, भेगा पडाय लागल्या हुत्या. आमच्या मोटेच्या चामड्याला बा दरसाली त्याल चोळायचा, न्हायतर त्ये फाटतंय. विहीर आटली, मोट गेली. म्हटलं हितं तरी चामडं जपावं. घरनं वाटीभर त्याल आणलं हुतं.” थोड्या वेळाने म्हणाला, “त्याला सोडा साहेब. लई हाल झालं आसतील त्याचं.”

त्याला हे सांगावे की नाही, याचा मी वाटेत विचारच केला नव्हता. माणसाला बोटे गेल्याचे दुःख पुरेसे नव्हते, त्यात मी हे नेऊन घातले. ते टाळता आले असते का, हे मला आजही ठरवता आलेले नाही.

सोमवारी मी फायलीतला तो अर्ज फाडला आणि पुरावा नसल्याने आरोपीस सोडण्याचा कलम १६९ चा अहवाल घेऊन कोर्टात गेलो. वरिष्ठांकडून जे ऐकायचे ते ऐकले. कारखाना निरीक्षकाला पत्र गेले, मालकावर त्याची कारवाई झाली. त्याने प्रेसपुढे जाळी बसवली नव्हती आणि ब्रेक कधी तपासलाही नव्हता, तेव्हा सगळा दोष त्या वाटीभर तेलावर ढकलून तो सुटू शकला नाही.

सुटल्यावर पायवाल्याला मी विचारले, “दाबला नव्हतास तर हो का म्हणालास?”

तो म्हणाला, “पाळी माझी होती साहेब. तुम्ही इतक्या वेळा विचारलात, मला पण वाटाय लागलं, माझाच पाय असणार.”

तो घरी गेला नाही. आई आणि बायकोला घेऊन थेट हॉस्पिटलकडे निघाला आणि मीही मागोमाग गेलो, कारण माझा पाय ठाण्याकडे वळेना. हातवाल्याने आमच्या हवालदाराकरवी आपट्याची डहाळी आधीच मागवून घेतली होती. दसरा होऊन सहा दिवस झाले होते, पाने मलूल झाली होती. पायवाला दारातच थबकला. हातवाल्याने एक पान तोडायला उजवा हात पुढे केला, पट्टीकडे पाहिले, आणि मग डाव्या हाताने तोडून पुढे केले.

“डावा हाय,” तो म्हणाला. “चालंल का?”

पायवाल्याने दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली. म्हातारी मागे भिंतीला टेकून उभी होती. मी खिडकीकडे तोंड फिरवले.

या प्रकरणाने मला शिकवले ते कोणत्याही पोलीस शाळेत शिकवत नाहीत. मारूनच खोटी कबुली मिळते असे नाही. सज्जन माणसाला चाळीस वेळा विचारले तर तो स्वतःच्या पायावरही संशय घेतो. पानवाल्याची टीप खरी होती, भांडण खरे होते, अपमान खरा होता, आणि तरी मी काढलेला अर्थ साफ चूक होता. पुढच्या सगळ्या नोकरीत कोणी पटकन कबूल झाला की आनंद होण्याऐवजी मी सगळा तपास पुन्हा पहिल्यापासून काढायचो. त्यामुळे माझे काही गुन्हे उशिरा उघडकीला आले, त्याबद्दल शेरेही मिळाले.

आणि दर खंडेनवमीला ठाण्यात शस्त्रपूजा व्हायची तेव्हा बंदुकांआधी मी जीपकडे जायचो. ड्रायव्हर हौसेने फडके घेऊन गाडी पुसत असे. मी वाकून बघायचो आणि दरवर्षी तेच विचारायचो, “ब्रेकला तेल नाही ना लावलंस?” शिपाई माझ्यामागे हसायचे, साहेबांचा चक्रमपणा म्हणायचे. त्यांच्यातल्या कोणी डाव्या हाताने दिलेले सोने पाहिले नव्हते.